एकत्र राहू, पण एकसारखे नको



या आठवड्याचा विषय : मान डोलावण्याची सवय.

२५ जून १९७५ ला देशात आणीबाणी लागली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आला. विरोधात बोलणारे तुरुंगात गेले. आपल्या ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदेही तिहारमध्ये होत्या. भीतीने लोक जपून बोलू लागले. कुणी गप्प करायच्या आधीच आपण गप्प बसतो ना, तिथेच आपलं आपलेपण जातं.

त्याच वर्षी कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, जन्म आपल्या इंदूरचा. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण हजर होते. तरीही दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाशजींसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितलं. पुढे त्यांना अटक झाली.

आता आपल्या घरात बघू या. एक जण ठरवतो, बाकीचे 'हो' म्हणतात. ग्रुपवर एकाने हात जोडले की आपण सगळे न वाचताच जोडतो. याला आपण शिस्त म्हणतो. पण श्रद्धा म्हणजे विचार बंद ठेवणं नव्हे. अर्जुनाने शंका विचारल्या म्हणून गीता सांगितली गेली; आणि अठराव्या अध्यायात भगवंतांनी निर्णय त्याच्यावरच सोडला.

अभ्यास : घरात सगळ्यात कमी बोलणाऱ्याला, मग ती सून असो की नातू, विचारायचं, "तुला काय वाटतं?" उत्तर पटलं नाही तरी मध्ये बोलायचं नाही. पूर्ण ऐकायचं.

जय गुरुदेव 🙏