फॉर्मचा आकडा आणि माणसाची गोष्ट



आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. त्याला सीबॅक म्हणतात. त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर असं बरंच काही विचारलेलं असतं. त्यातच मनाबद्दल दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास, निराश किती दिवस वाटलं? अजिबात नाही तर ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्ही मिळून बेरीज ३ च्या वर गेली, तर समुदाय आरोग्य अधिकारी किंवा पीएचसीच्या डॉक्टरांकडे पाठवायचं.

डोणगावात एका आशाताईसोबत मी घरोघर फिरत होते. साठीच्या एका मावशींनी दोन्ही प्रश्नांना नकार दिला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) "उदास-बिदास काई नाई वं सिस्टर. डोकं जड रायते, झोप येत नाई, बस." बेरीज शून्य. फॉर्म मिटला.

निघता निघता मी सहज विचारलं, "मावशी, विहारात बरेच दिवस दिसल्या नाही?" तशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बचत गटाचं कर्ज मुलासाठी उचललं होतं. मुलगा पुण्याला गेला, फोन बंद, हप्ते थकले. "गटातल्या बाया तिथंच भेटतात. तोंड कसं दाखवू?" चार महिन्यांपासून वंदना नाही, शेजारपाजार नाही, एकटीपुरता स्वयंपाकही नकोसा झालेला.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर "रोज" असं होतं. प्रश्न बरोबरच होता, पण त्याचे शब्द मावशींचे नव्हते.

मन समजून घेण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट हजारो माणसं तपासते आणि सगळ्यांना लागू पडेल असा नियम शोधते. फॉर्ममधले दोन प्रश्न त्या वाटेने आले. दुसरी वाट एकाच माणसाजवळ बसते आणि त्याचं आयुष्य त्याच्याच शब्दांत समजून घेते. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३७ च्या आपल्या पुस्तकात या दुसऱ्या वाटेची बाजू मांडली. पुढे १९६५ मध्ये त्याने एका आईची ३०१ पत्रं अभ्यासासाठी छापली. मुलाशी बिनसलेल्या त्या आईने ती मुलाच्या मित्राला आणि त्याच्या बायकोला लिहिली होती. एका बाईच्या मनासाठी अख्खं पुस्तक! पण पहिली वाट बंद करा, असं ऑलपोर्टचं म्हणणं नव्हतं.

दवाखान्यात आम्ही नर्सेस हेच करतो. ताप, नाडी, बीपी यांचा तक्ता नियमाने भरतो. पण रात्री दोन वाजता पेशंट का रडतो, हे तक्त्यात नसतं. त्यासाठी खाटेजवळ बसावं लागतं.

एकच वाट धरली की चूक होते. नुसता नियम धरला, तर मावशींसारखी माणसं सुटतात. दुसरं असं की, वस्तीवर शिक्का बसतो: "तिकडचे लोक दारूडे, त्यांना कसलं टेन्शन?" शंभर जणांची सरासरी एका माणसाच्या कपाळावर चिकटवता येत नाही. उलट, एकाच माणसाची गोष्ट नियम समजलो, तरी घात होतो. "शेजारणीला त्या गोळ्यांनी गुण आला" म्हणून त्याच गोळ्या आपण घेऊ नयेत. "माझा भाऊ गोळ्या सोडूनही बरा झाला" म्हणून आपल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

दोन्ही वाटा एकत्र आल्या की काय होतं, ते आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दिसलं. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांशी बोलणं केलं, गरज असेल त्याला समुपदेशक आणि डॉक्टर मिळाले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ४ जण उपचारापर्यंत पोचत होते. १८ महिन्यांनी सुमारे २७ पोचू लागले.

मावशींचं पुढे काय झालं? आशाताईने फॉर्म पुन्हा भरला, डॉक्टरांनी तपासून उपचार सुरू केले. पण हप्त्याची लाज गोळीने जात नाही. गटाच्या अध्यक्षबाई त्यांच्या घरी गेल्या, हप्ते लहान करून दिले. आता मावशी विहारात येतात, अजून मागच्या रांगेत बसतात.

घरी एवढं करा:

१. आशाताई मनाचे प्रश्न विचारते तेव्हा घाईने "नाही" म्हणू नका. झोप, भूक, डोकं जड, छातीत धडधड, जे होतं ते आपल्या शब्दांत सांगा.

२. आपल्या माणसात काय बदललं ते पाहा. बोलका गप्प झाला, नेहमी येणारी यायची थांबली, तर "टेन्शन घेऊ नको" म्हणण्याआधी "काय झालं?" विचारा आणि ऐकून घ्या.

३. कुणी "जगून काय करू" म्हणालं, तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि दवाखान्यात न्या. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा एकमेकींना विचारा: आपल्यातली कोण बऱ्याच दिवसांत दिसली नाही? आणि उत्तर मिळालं की तिच्या घरी जा.