दौऱ्यातल्या माणसाने लिहिलेले : दोन पुस्तकांचा अभ्यास

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकताना यंदा वर्गात एक प्रश्न निघाला. आतल्या माणसाने लिहिले, एवढ्यावरून ते खरे मानायचे का? तास संपला, पण प्रश्न काही संपला नाही. पुढे इंग्रजीच्या सरांनी दोन पुस्तके वाचायला दिली. दोन्ही पाश्चात्त्य रॉक बँडच्या दौऱ्यांवरची आहेत. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती वाचली. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा हिशेब आहे.

प्रथम दौरा म्हणजे काय ते पाहू. बँडमध्ये वादक-गायक चार-पाचच असतात. पण त्यांच्याबरोबर व्यवस्थापक, ध्वनी आणि प्रकाशयोजना सांभाळणारे, वाद्ये व ध्वनिवर्धकांची जड खोकी चढवणारे-उतरवणारे, असा मोठा काफिला निघतो. आज या गावी कार्यक्रम, तर उद्या शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या गावी. श्रोत्याला त्यातला तास-दीड तास दिसतो. उरलेल्या बावीस-तेवीस तासांत काय घडते, हाच या पुस्तकांचा विषय आहे.

पहिले पुस्तक इयान हंटर यांचे 'डायरी ऑफ अ रॉक अँड रोल स्टार'. हंटर हे 'मॉट द हूपल' या इंग्लिश बँडचे गायक. १९७२ साली हा बँड मोडण्याच्या बेतात होता. तेव्हा डेव्हिड बोवी यांनी त्यांना 'ऑल द यंग ड्यूड्स' हे गाणे दिले. ते इंग्लंडच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि बँड तरला. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांनी अमेरिकेचा सुमारे पाच आठवड्यांचा दौरा केला. त्या दौऱ्यात हंटर यांनी ठेवलेली रोजनिशी १९७४ साली पुस्तकरूपाने निघाली.

नावात 'स्टार' आहे, म्हणून मी झगमगाटाची वाट पाहत होतो. पण पानोपानी भेटतात ती विमानतळावरची ताटकळ, एकसारख्या दिसणाऱ्या हॉटेलच्या खोल्या, अपुरी झोप आणि घराची आठवण. रिकामा वेळ मिळाला की ही मंडळी गहाणवटीची दुकाने धुंडाळतात, कारण तेथे जुनी चांगली गिटार स्वस्तात हाती लागते. त्या वेळी हंटर तेहतीस वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी कारखान्यातही काम केले होते. म्हणूनच की काय, गाण्याकडेही ते एक काम म्हणून पाहू शकतात. प्रसिद्धी आणि पैसा या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून येत नाहीत, हे मला या पुस्तकाने प्रथम शिकवले.

दुसरे पुस्तक स्टॅन्ली बूथ यांचे. 'रोलिंग स्टोन्स' या बँडच्या १९६९ सालच्या अमेरिका दौऱ्यात बूथ लेखक म्हणून बरोबर हिंडले; ते वादक नव्हेत. त्या दौऱ्याचा शेवट ६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील आल्टामाँट येथील मोफत कार्यक्रमाने झाला. सुमारे तीन लाख लोक जमले होते, आणि रंगमंचाजवळ पहारा होता 'हेल्स एंजल्स' या मोटारसायकलस्वारांच्या टोळीचा. बँड वाजवत असतानाच मेरेडिथ हंटर हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण रंगमंचासमोर भोसकला गेला. (पहिल्या पुस्तकाच्या लेखकाशी त्याचे आडनावापलीकडे नाते नाही.) त्याने पिस्तूल काढले होते, आरोपी १९७१ साली स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सुटला. त्या कार्यक्रमात एकूण चार माणसे दगावली. बूथ यांचे पुस्तक मात्र १९८४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी प्रसिद्ध झाले.

येथे तुलनेचा खरा मुद्दा येतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते. जानेवारी १९७३ मध्ये आपला ऑर्गनवादक बँड सोडणार, त्याच वर्षी गिटारवादकही जाणार आणि १९७४ साली सारे संपणार, हे त्या पानांना माहीत नाही. बूथ यांना मात्र पहिले वाक्य लिहिण्यापूर्वीच शेवट ठाऊक आहे. त्यामुळे त्यांच्या पुस्तकातल्या हसण्याखिदळण्यावरही आल्टामाँटची सावली पडते. रोजनिशीत तपशील ताजा असतो, पण त्याचा अर्थ लागलेला नसतो. मागाहून लिहिलेल्या आठवणीत अर्थ लागलेला असतो, पण त्या अर्थासाठी तपशील निवडला जातो. तेव्हा कोणते पुस्तक खरे, असे विचारण्याऐवजी ते केव्हा लिहिले, हे आधी विचारावे, असे मला वाटते.

दुसरा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. 'आतला' माणूस म्हणजे नेमका कोण? गायक आत आहे, तसे खोकी उचलणारेही आतच आहेत. पण या दोन पुस्तकांत ते दुसऱ्याच्या लेखणीतून येतात. बँडभोवतीच्या मुलींचेही बहुधा तसेच. पामेला द बार यांनी १९८७ साली 'आय अ‍ॅम विथ द बँड' हे स्वतःचे पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांतल्या एकीला स्वतःचा आवाज मिळाला. आतल्यांतही ज्याच्या हाती लेखणी येते, त्याचेच 'आत' आपल्यापर्यंत पोहोचते.

हा मुद्दा मला का टोचला, ते सांगणे भाग आहे. माझे वडील वीस वर्षे मालट्रकवर आहेत, आधी क्लीनर आणि आता चालक. पुस्तक वाचताना माझे लक्ष सारखे त्या खोक्यांकडे जाई. रात्री कार्यक्रम संपल्यावर ती कोणी उतरवली, गाडी कोणी हाकली, तो जेवला कुठे? हंटर यांनी स्वतःच्या ताटकळीबद्दल जेवढे लिहिले, तेवढे त्या चालकाने लिहिले असते तर तेही वाचनीय झाले असते.

दिवाळीच्या सुटीत मी वही घेऊन वडिलांजवळ बसलो आणि त्यांच्या फेऱ्यांबद्दल विचारले. ते म्हणाले, "त्यात काय सांगायचंय? गाडी भरायची, न्यायची, रिकामी करायची." मी त्यांना हंटर यांच्या गहाणवटीच्या दुकानांची गोष्ट सांगितली. ते हसले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "एकदा घाटात गाडी बंद पडली होती. तीन दिवस तिथंच. ते लिहून घे हवं तर."

वहीची अकरा पाने भरली आहेत. सरांना दाखवायची आहेत.