विंडोज मारण्याआधी कुलूप ओळखा

कर्जत-खालापूर भागात जमिनीची कागदपत्रं स्कॅन करून ठेवायची सवय आता चांगली रुजली आहे. जुलै २०२१च्या पुरात उल्हास नदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झालेला मी पाहिला आहे. त्यात पनवेल-कर्जत नव्या रेल्वेमार्गासाठी झालेलं भूसंपादन, जिकडेतिकडे पडणारे प्लॉट आणि रखडलेल्या वारसनोंदी. जुना फेरफार किंवा वाटणीपत्र कधी लागेल, सांगता येत नाही. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे ही स्कॅनिंगची कामं माझ्याकडे सतत येतात. कागद पुरापासून वाचले, याचं समाधान वाटतं. पण संगणकावर विंडोज नव्याने टाकली की हेच कागद आपल्याच डिस्कवर असूनही उघडत नाहीत, असं घडतं. त्याविषयी सांगायचं आहे.

पहिला अनुभव माझ्या दुकानातलाच. पावसाळ्यात आमच्याकडे वीज सारखी जाते-येते. अशाच एका दिवशी दुकानातला संगणक चालू होईना. दुरुस्तीवाल्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज टाकून दिली. डी ड्राइव्हला हात लावला नव्हता, आणि बॅकअपची एक वेगळी डिस्कही माझ्याकडे होती. दोन्हीकडे फोल्डरची नावं दिसत होती, पण क्लिक केलं की एकच उत्तर: या फोल्डरसाठी तुम्हाला परवानगी नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "डिस्क खराब झालीय, फॉरमॅट मारू आणि रिकव्हरीने काय निघतंय ते बघू." मी डिस्क काढून घेतली आणि आधी माहिती मिळवली. तसं केलं नसतं तर धडधाकट डिस्क पुसली गेली असती.

विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला ती एक लांबलचक क्रमांक देते आणि फोल्डरवर मालक म्हणून तो क्रमांक नोंदवते. नवी विंडोज टाकल्यावर खात्याचं नाव तेच ठेवलं, पासवर्डही तोच ठेवला, तरी क्रमांक नवा मिळतो. फोल्डरवर जुनाच राहतो. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच राहावं आणि कसणाऱ्या नातवाला तलाठ्याने विचारावं की तुझा संबंध काय, तसाच हा प्रकार. इथे फक्त फेरफार करावा लागतो. फोल्डरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड उघडा. मालकाच्या जागी 'अकाउंट अननोन' किंवा एस अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिसला तर निर्धास्त व्हा, रोग साधा आहे. ओनरसमोरचं चेंज दाबून आपलं सध्याचं खातं निवडा, आतल्या सगळ्या फोल्डरांनाही तोच मालक लावण्याच्या चौकटीवर खूण करा आणि ओके करा. मग पुन्हा सिक्युरिटीत जाऊन स्वतःला फुल कंट्रोल द्या. खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असायला हवं. फायली हजारो असतील तर वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. आणि हा प्रयोग फक्त आपल्या फोल्डरवर करा. संपूर्ण सी ड्राइव्हवर केलात तर चालू विंडोजही बिघडू शकते. माझ्या सगळ्या फायली अशाच उघडल्या.

खालापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाच्या वाट्याला मात्र हे आलं नाही. त्यांच्या मुलाने घरातल्या इतरांनी पाहू नये म्हणून फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधली 'एन्क्रिप्ट'ची खूण केली होती. त्यावर पासवर्ड विचारला जात नव्हता, त्यामुळे कुलूप लागलंय हे पुढे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. लॅपटॉप मंद झाला, विंडोज मारून घेतली, सी ड्राइव्ह पुसला गेला. डी ड्राइव्हवरचा फोल्डर माझ्यासमोर आला तेव्हा मी मालक बदलला, फुल कंट्रोल दिला, तरी प्रत्येक फाइल नकारच देत राहिली. फाइलच्या चिन्हावर छोटं कुलूप होतं. या प्रकारात मजकूरच सांकेतिक झालेला असतो आणि त्याची किल्ली जुन्या खात्याच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर असते. तीच पुसली गेली होती. मालकी बदलून इथे काहीही होत नाही. सातबारे ऑनलाइन पुन्हा मिळाले, फेरफाराच्या नकला तहसीलमधून काढता आल्या, काही फोटो नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवले होते म्हणून वाचले. पण त्या मुलाच्या आजीने सांगितलेल्या भात-लावणीच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग गेलं. आजी आता नाहीत. त्या घरातल्या बाईंना हे सांगताना मला फार जड गेलं.

सी ड्राइव्ह फॉरमॅट न करता विंडोज टाकलेली असेल, तर थोडी आशा उरते. जुनी प्रोफाइल 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये राहते, मात्र साधारण दहा दिवसांनी विंडोज तो फोल्डर आपोआप काढून टाकते. म्हणून फायली एन्क्रिप्ट झाल्याची शंका आली की संगणक लगेच बंद करा, तो फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि जुना पासवर्ड आठवून लिहून ठेवा. त्या पासवर्डशिवाय ती किल्लीही कामाची नाही.

तिसरं कुलूप बिटलॉकरचं. यात अख्खा ड्राइव्ह बंद असतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे कुलूप न विचारता लागतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे असे लॅपटॉप माझ्याकडे येतात. घाबरू नका. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना कुठला ईमेल दिला होता ते आठवा, मोबाइलवरून त्या खात्यात शिरा, तिथे डिव्हाइसच्या यादीत की सापडते. बऱ्याचदा तो ईमेल दुकानदाराने बनवून दिलेला असतो आणि कुणालाच आठवत नाही, तिथे गाडी अडते.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि विंडोज टाकून घेणाऱ्यांची गर्दी वाढली. तुम्हीही टाकणार असाल तर आधी हे करा. कुलपाचं चिन्ह असलेले फोल्डर शोधा आणि तीच एन्क्रिप्टची खूण काढून ते मोकळे करा. बिटलॉकर चालू आहे का, ते सेटिंगमध्ये पाहा आणि ४८ अंक कागदावर उतरवून जमिनीच्या कागदांसोबत ठेवा. बॅकअपची डिस्क शेजाऱ्याच्या किंवा भावाच्या संगणकाला लावून दोन-चार फायली खरोखर उघडून बघा. त्या तिथे उघडल्या तरच विंडोज मारायला होकार द्या. आणि एन्क्रिप्ट झालेल्या फायली किल्लीशिवाय हमखास काढून देतो असं सांगून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर कृपा करून देऊ नका.