आधी पोरं बघ, मग आसनं

यवतमाळ

चि. छकुली,


झरी जामणीकडच्या शाळेत तू रुजू झालीस आणि आठवी ते दहावीचा योगाचा तास तुझ्या वाट्याला आला, हे तुझ्या आईकडून कळलं. आठवड्याला दोनच तास म्हणून कुरकुर करू नकोस. कितीतरी शाळांत योग वर्षातून एकदाच उगवतो, २१ जूनला. त्यातही आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा उघडतात, म्हणजे त्या दिवशी बहुधा सुट्टीच असते. मग पोरांना निरोप धाडून बोलवायचं, रांगा लावायच्या, फोटो वर पाठवायचे. तो दिवस खुशाल साजरा कर, पण त्याला शिकवणं समजू नकोस.

मी अमरावतीला शिकले. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकं दाखवली, त्याचा आम्हाला केवढा अभिमान! प्रात्यक्षिकाला मात्र निवडक शरीरं लागतात. तुझ्या हजेरीपटावर जी नावं आहेत, ती सगळी तुझी. म्हणून निवडण्याऐवजी तपासायला शीक. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि आसनांचा परिणाम क्ष-किरण लावून, मोजमाप करून तपासला. तुझ्याकडे यंत्रं नाहीत. निदान डोळे उघडे ठेव.

पहिल्यांदा दात बघ. तुझ्या भागातल्या कित्येक गावांच्या बोअरच्या, हापशीच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पिण्यालायक राहत नाही. दातांवर खडूसारखे पांढरे किंवा पिवळे-तपकिरी पट्टे दिसले, तर पाणी कुठलं पितोस ते विचार. हेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की पाठ आणि सांधे आखडतात. असं पोर वाकत नसेल, तर तो त्याचा आळस नव्हे. त्याला रेटू नकोस, आणि आसनानं हे बरं होईल असं त्याच्या आईलाही सांगू नकोस. त्याला पाणीच बदलावं लागतं. ते ग्रामपंचायतीच्या कानावर घालणं हेही तुझ्याच तासाचं काम समज.

दुसरं सिकलसेल. आपल्याकडे हा आजार घरोघर ऐकू येतो, आदिवासी पाड्यांवर तर फारच. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली किंवा फार दमणूक झाली की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात आणि पोर दुखण्यानं तळमळतं. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांच्याकडून नावं समजून घे, पण वर्गात पुकारू नकोस. अशा मुलांना सूर्यनमस्कारांची शर्यत नको, श्वास कोंडून धरणं नको. पाण्याची बाटली शेजारी असू दे. खरं तर असा कुंभक कुणालाच नको. अनुलोम-विलोमसुद्धा सावकाश, न कोंडता.

पुस्तकात लिहिलेलं असतं की आसनं रिकाम्या पोटी करावीत. लिहिणाऱ्यानं सकाळच्या एसटीनं येणारी पोरं पाहिली नसावीत. त्यांचं पोट रात्रीपासून रिकामं असतं. तिसऱ्या आसनाला डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि आपण म्हणतो पोरगी नाटकं करते. मधल्या सुट्टीतल्या जेवणानंतर लगेचचा तासही कामाचा नाही. हेडमास्तरांशी बोलून मधला तास मागून घे, आणि उपाशी आलेल्याला आधी दोन घास खाऊ दे.

दिवाळीच्या सुट्टीत निम्मा वर्ग कापूस वेचायला जातो. कमरेला ओटी बांधून दिवसभर ओणवं राहिलेल्या पोरांना शाळा उघडल्यावर पुन्हा पुढं वाकवू नकोस. त्यांना मकरासनात पडू दे, मग भुजंगासन, शलभासन, तेही बेतानं.

नववीतले मुलगे एका वर्षात ताडमाड वाढतात. हाडं पुढं धावतात, स्नायू मागं राहतात, मग हात पायाच्या बोटांना लागत नाहीत. पाठीवर गुडघा देऊन पोराला वाकवणारे मास्तर मी पाहिले आहेत. तू त्यातली होऊ नकोस. मुलींना मागच्या रांगेत जागा दे, ओढणीची गाठ मारायला वेळ दे. पाळीच्या दिवसांत कुणी बसून राहिली तर कारण विचारू नकोस. ओंकार कुणाला म्हणायचा नसेल तर तो गप्प बसेल. त्यानं आसन काही बिघडत नाही.

एक नाजूक गोष्ट. आपल्या जिल्ह्यात बाप गेलेली पोरं वर्गात असतात, आणि बाप कसा गेला हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. शवासनात डोळे मिटले की एखाद्याला रडू फुटतं. डोळे मिटण्याची सक्ती करू नकोस. पडायचं नसेल तर भिंतीला टेकून बसू दे. रडलं तर रडू दे, तू नुसती जवळ राहा. प्रवचन देऊ नकोस, आणि योगानं दुःख जातं असं तर मुळीच बोलू नकोस.

दहावीच्या पालकांना मार्कांचं वचन देऊ नकोस. झोप बरी लागेल एवढंच सांग.

पहिला आठवडा एकही आसन घेऊ नकोस. प्रत्येकाचं गाव, प्यायचं पाणी, सकाळी काय खाल्लं, कुठं दुखतं, एवढं वहीत लिहून काढ. वही भरली की रविवारी यवतमाळला घेऊन ये. मग आपण दोघी बसून ठरवू, कुणाला काय द्यायचं ते.

तुझी,
आत्या