हिमवर्षाव आणि हेलिकॉप्टरचा श्वास

मनुष्याप्रमाणें इंजिनासही हवा लागते. ती कोंडली तर मनुष्य गुदमरतो आणि इंजिन विझतें. अलास्कासारख्या हिमप्रदेशांत पुष्कळ गांवांस रस्ता नाहीं. तेथें रुग्णास वैद्याकडे नेण्याचें काम अनेकदां हेलिकॉप्टर करतें. म्हणून तेथील वैमानिकाचे नियम समजून घेण्यासारखे आहेत.

बेल २०६ हें यान उदाहरणार्थ घेऊं. त्यास इंजिन एकच. तें छपराजवळील तोंडांवाटे हवा ओढतें, आणि हवा दाबणारें त्याचें चक्र मिनिटास सुमारें ५१,००० फेरे घेतें. यान उभें असतां या तोंडांशीं हिम साचतें. इंजिन सुरू झालें कीं उबेनें तें थोडें वितळतें व पुन्हा थिजून त्याचा थर बनतो. जमिनीवर कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं. परंतु यान वर गेल्यावर तो थर सुटून एकदम आंत ओढला जातो, आणि इंधनाचा जाळ विझतो. शिवाय तोंडाशीं वेगानें ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब व उष्णमान उतरतें. त्यामुळें पारा शून्याच्या किंचित् वर असतांही तेथें बर्फ धरूं शकतें.

यावरून पुढील नियम झाले आहेत :

१. यान उभें असतां हवेचीं तोंडें आच्छादनानें झांकावीं.

२. उड्डाणापूर्वीं आच्छादन काढून आंत विजेच्या बत्तीनें पाहावें व हातानें चांचपावें. हिम, बर्फ व पाणी पूर्णपणें काढावें.

३. पडत्या हिमांत इंजिन चालू ठेवून फार वेळ उभें राहूं नये. राहावें लागल्यास इंजिन बंद करून पुन्हा तपासावें.

४. हवेंत दृश्य ओलावा असून उष्णमान सुमारें ५ अंशांखालीं असेल, तर यानाच्या नियमपुस्तकाप्रमाणें बर्फनिवारक यंत्रणा चालू करावी.

५. हिम दाट होऊन पुढचें दिसेनासें झालें, तर परत फिरावें अथवा वेळींच उतरावें.

यांतील तिसरा नियम पाळणें सर्वांत कठीण. समजा, एका गांवीं यान उतरलें आहे. हिम पडत आहे, रुग्ण अत्यवस्थ आहे, आणि त्यास आणीपर्यंत इंजिन चालूच राहिलें. आतां सर्वजण म्हणतात, "त्वरा करा!" अशा वेळीं इंजिन बंद करून छपराशीं चढणारा वैमानिक निष्ठुर वाटेल. पण तोच रुग्णाचा खरा मित्र होय. इंजिन विझल्यास खालून येणाऱ्या वाऱ्यावर वरचें पंखचक्र फिरत ठेवून यान उतरवितां येतें, हें खरें. मात्र त्यास पुरेशी उंची व मोकळी जागा हवी. नुकत्याच उडालेल्या यानास यांपैकीं कांहींच मिळेल असें नाहीं.

मुलांनो, घाईच्या वेळीं नियम जाचक वाटतो. परंतु नियम घाईच्या वेळेसाठींच केलेला असतो. त्या दहा मिनिटांच्या विलंबांत कित्येकांचे प्राण सुरक्षित राहतात.