गळक्या घराचा हिशेब

पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे किती पाणी, हे सोलापूर जिल्ह्यातल्या वैराग भागात राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात आपण त्याची वाट बघत बसलेलो असतो. तेवढंच पाणी पावसाळ्यात एका रात्रीत आपल्या छपरावर उतरू शकतं. ६०० चौरस फुटांचं छप्पर आणि १०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे साडेपाच हजार लिटर. एवढ्या पाण्याला वाट म्हणून बऱ्याच घरांत कोपऱ्यात दोन इंची एकच पाइप असतो आणि तोही पाल्यानं निम्मा बुजलेला.

आपल्याकडे पावसाचा जोर शेवटी शेवटी येतो, हेही विसरून चालत नाही. १४ ऑक्टोबर २०२० ला पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले, तो परतीचा पाऊस होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली. गणपती झाले, आता काय पाऊस, असं म्हणून छपराचं काम पुढं ढकललं की नेमकं तेव्हाच घर गळतं. छपराचं काम करायचं ते मार्च ते मे दरम्यान. सुकलेल्या स्लॅबवर थर धरतो, ओल्यावर तो फुगून सुटतो.

पुढचे आकडे ढोबळ आहेत. माल आणि मजुरी धरून तालुक्याच्या ठिकाणी साधारण किती पडतं, एवढंच ते सांगतात. पैसे ठरवण्याआधी स्वतः तीन ठिकाणी विचारा.

खर्चाआधी निदान करा, त्याला पैसे लागत नाहीत. ओल फक्त पावसात वाढते की बारा महिने असते? बारा महिने असेल तर दोष बहुधा छपराचा नसून नळाचा, मोरीचा किंवा टाकीचा. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि सकाळी बघा. भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून एक दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर ती कोंदट हवेची वाफ आहे, खिडकी उघडी ठेवली तरी फरक पडतो. मला नेहमी वाटतं, गवंड्याला बोलावण्याआधी एवढं केलं तर निम्म्या घरांचा अर्धा खर्च वाचेल.

स्लॅब तपासायला पाइप बोळ्यांनी बुजवून इंचभर पाणी २४ तास साठवतात. हे करताना जपून. ६०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे १,४०० किलो वजन. खालच्या बाजूला सळया उघड्या पडल्या असतील, पोपडे निघत असतील, तर ही परीक्षा करू नका, अभियंत्याला दाखवा. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट ढकलून बाहेर काढते. तिथं वरून कितीही रंग फासला तरी आतलं गंजणं थांबत नाही.

सगळ्यात स्वस्त काम पाण्याच्या वाटेचं. चार इंची दोन पाइप, तोंडाला जाळी, बसवण्याची मजुरी धरून दोन-तीन हजारांत भागतं. टाकीचा बॉलकॉक काही शे रुपयांत येतो. नळाला पाणी दिवसाआड आणि रात्री-बेरात्री येतं तिथं भरून वाहणारी टाकी स्लॅबचं जे नुकसान करते, ते पावसालाही जमत नाही, कारण ती वर्षभर वाहते. कठड्याच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप मुळासकट काढा. नुसतं छाटलं की ते पुन्हा फुटतं, मुळं आत जातात आणि फट रुंदावते.

स्लॅबला बारीक भेगा असतील तर भेगा भरून दोन हात वॉटरप्रूफ लेप चौरस फुटाला साधारण २५ ते ४० रुपयांत होतो, म्हणजे ६०० फुटांना १५ ते २४ हजार. तीन ते पाच वर्षं टिकतो. पाणी साचतच असेल तर लेपानं काही होत नाही, उतार हवा. विटांच्या तुकड्यांचा कोबा फुटाला १२० ते १८० रुपये, म्हणजे ७२ हजार ते एक लाख आठ हजार. दहा फुटांना निदान सव्वा इंच उतार द्यायला सांगा आणि काम संपायच्या आत बादलीभर पाणी ओतून स्वतः बघा. काही जण त्यापेक्षा पत्र्याचं शेडच उभं करतात. त्याचा खर्च कोब्याच्या बरोबरीचा किंवा थोडा जास्त, पण शेडच्या पत्र्याचं पाणी पन्हळीतून दूर सोडलं नाही तर तेच पाणी भिंतीच्या पायात जातं.

माळवदाचा, म्हणजे मातीच्या छपराचा, विचार वेगळा. दर साली वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, धुम्मसानं चोपायचा, ही रीत चांगलीच. पण जुना थर न काढता नवा टाकत गेलं की माती फूटभर होते, आणि फूटभर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोंच्या घरात जातं. दहा बाय पंधराच्या खोलीवर सात टन. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि वरच्या जड माळवदांखाली गेली. त्यामुळे थर चढवण्याआधी जुनी सुटी माती उतरवा, गवत उपटा, तुळईची भिंतीत गेलेली टोकं सुरीच्या टोकानं टोचून बघा. सुरी सहज आत गेली तर लाकूड कुजलंय, आधी त्याला टेकू द्या. उजेडासाठी ठेवलेल्या साण्यावरचं झाकण नीट बसवा. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह टाळा. ओल आत कोंडते, भिंत फुगते आणि गिलावा पापुद्र्यासारखा गळून पडतो. तिथं चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा बरा.

काळ्या रानाला लागून घर असेल तर उन्हाळ्यात भेग रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते. ती गळतीची भेग नसते, खालची माती आखडते-फुगते त्याची असते. सिमेंट भरलं तरी ती पुन्हा उघडते. घराभोवती तीन फूट रुंद फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतरती करून घ्या. १०० फूट घेराच्या घराला ती साधारण १८ ते २४ हजारांत होते. मोरीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका.

काम गुत्त्यानं दिलं तर मापावर द्या, कागदावर लिहून घ्या: किती चौरस फूट, कोणता माल, किती वर्षांची हमी. दहा टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. हे आधीच बोललात तर चांगला कारागीर नाही म्हणत नाही. पक्की पावती घ्या. पाच लाखांपर्यंतच्या कामाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पावती नसेल तर हे सगळं जड जातं. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, दर ठरवताना हे ध्यानात असू द्या.

सरकारी मदतीवर किती विसंबायचं? केंद्रानं २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरवलेल्या आपत्ती निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये. पण निदान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, गोठ्याला ३,०००. म्हणजे एका खोलीचं माळवद खचलं तर मिळणारी रक्कम मजुरीलाही पुरत नाही. तरी पंचनामा करून घ्याच. राडा काढण्याआधी तारखेसह फोटो काढा, तलाठी आणि नगरपंचायतीला त्याच दिवशी कळवा, अर्जाची पोहोच घ्या. घराची नोंद आपल्या नावावर आहे का, हे आजच बघून ठेवा. वडिलांच्या नावावर राहिलेल्या घरांचे पैसे अडकलेले मी पाहिलेत.

विमाही आहे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ या एकाच मसुद्याची पॉलिसी सामान्य विमा कंपन्या देतात. पूर, वादळ, घरात शिरलेलं पाणी, टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान त्यात येतं, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. हळूहळू मुरलेली ओल मात्र त्यात बसत नाही. मातीचं घर घेतात का, हे हप्ता भरण्याआधी लेखी विचारा.

आणि दिवाळीचा रंग. भिंतीनं पावसाळाभर प्यायलेलं पाणी दोन आठवड्यांत बाहेर येत नाही. वर रंग बसला की लोणा त्याच्या मागून फुटतो आणि संक्रांतीपर्यंत पोपडे निघतात. यंदा दिवाळीला नुसता चुना मारा, रंगाचे पैसे बाजूला ठेवा आणि मार्चमध्ये आधी स्लॅबवर चढा.