चुन्याच्या भिंतीवरचा बेडूक

मुलुंडला आमच्या चाळीतील सामाईक न्हाणीच्या भिंतींना चुना दिलेला आहे. पावसाळ्यात तेथे हमखास एक झाडबेडूक येतो. आई त्याला पालीसारखी केरसुणीने हाकलते. गेल्या आषाढात मी त्याच्यावर पाळत ठेवली. (कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच; बेडकाकडे बघत बसणे हाही अभ्यास असतो, हे घरी पटवावे लागले!) सकाळी दाराच्या लाकडी चौकटीवर तो तपकिरी होता. दुपारी भिंतीवर होता, पण इतका पांढुरका की आधी दिसलाच नाही. इंग्रजीत याला 'चुनाम फ्रॉग' म्हणतात. चुनाम म्हणजे आपला चुनाच.

हे घडते कसे? बेडकाच्या कातडीत रंजकपेशी असतात. त्यांतील काळे कण पसरले की अंग गडद दिसते, मध्याशी गोळा झाले की फिकट. कण पसरवण्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीच्या स्रावातून सुटतो. ती ग्रंथी काढलेला बेडूक फिकटच राहतो, हे लान्सलॉट हॉग्बेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखवले.

परंतु या कारभाराला वेळ लागतो, आणि पिलाजवळ वेळ नसतो. शेपूट नुकतीच जिरलेले, नखाएवढे पिल्लू पाण्याबाहेर येते तेव्हा काठावर बगळा व पाण्यात दिवड टपलेलीच असते. अशा वेळी रंग बदलण्यापेक्षा जागा निवडणे सोपे. कॅलिफोर्नियातील एका झाडबेडकात हिरवे आणि तपकिरी असे दोन प्रकार आहेत. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोघांनीही आपापल्या रंगाशी जुळणारी बैठक पत्करली. न जुळणाऱ्या जागी बसलेले बेडूक सापांना अधिक सापडले. बसल्यावर हलायचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडील मोठ्या बेडकाचे नर पहिल्या पावसात हळदीसारखे पिवळेजर्द होतात. मादीसाठी काही काळ लपणेच सोडून देतात. पिलांना ही चैन परवडत नाही.

तुळशी व विहार तलावांच्या काठी अजून पाचोळा, चिखल, गवत आहे. निवडीला वाव आहे. पवईच्या काठी जेथे फरसबंदी झाली, तेथे काळपट पिल्लू शाईच्या डागासारखे उठून दिसते.

यंदा आमच्या न्हाणीला निळ्या टाइल्स बसवायचे ठरले आहे. पांढुरका, करडा, पिवळट, तपकिरी एवढेच रंग त्या बेडकाच्या पदरी आहेत, निळा नाही. मी आईला हे सांगितले. ती केरसुणी खाली ठेवून म्हणाली, "मग मिस्त्रीला सांग, पावसाळा सरल्यावर ये म्हणावं."